जान्या, तू त्या दिवशी हे बोलला होतास

ही गोष्ट सांगायची मी सात वर्षं टाळली. विषय निघाला की चहा मागवायचो, चष्मा पुसायचो, नाहीतर सरळ उठून जायचो. तुझ्या तोंडावर टाळली, तुझ्या माघारी टाळली. तू गेल्यावर एका अंकाच्या संपादकांनी फोन केला, "जान्याभाऊंवर लिहा, तुमच्याइतकं जवळून कोणी पाहिलं नाही." तेव्हाही मी आधी चार गुळगुळीत परिच्छेद लिहून काढले. तू कसा साधा, कसा निसर्गाचं लेकरू, वगैरे. मग फाडून टाकले. तू कसलं लेकरू! तू कौलं शाकारणारा, भात लावणारा, विडीवरून बायकोशी भांडणारा, हट्टी माणूस होतास. माझ्या उभ्या आयुष्यात मला तुझ्याइतक्या वेळा 'नाय' कोणीच म्हटलं नाही.

तुला जाऊन आज तेरा दिवस झाले. परवा पाड्यावर जाऊन आलो. आता लिहितो. तू असताना लिहिलं असतं तर काही उपयोग होता, हे मला कळतं.

आपली ओळख काकडीवरून झाली, आठवतं? मी झरीच्या शाळेत नवा मास्तर. डहाणूच्या किनाऱ्यावरचा, मच्छीमाराच्या घरातला. डोंगरातलं मला काही माहीत नाही. श्रावणात शाळेचं छप्पर गळायला लागलं म्हणून तुला बोलावलं. मी तलासरीच्या बाजारातून कोवळ्या काकड्या आणल्या होत्या. एक तुझ्याकडे वर धरली. तू छपरावरूनच म्हणालास, "नको. नवं अजून खाल्लं नाय."

मला वाटलं, उपास असेल. मग तू सांगितलंस. नवी काकडी असो, नवं भात असो, देवाला दिल्याशिवाय आणि दिवस ठरल्याशिवाय तुमच्या पाड्यात कोणी तोंडात घालत नाही. मला एवढा आनंद झाला! मी खालून ओरडलो, "अरे, म्हणजे आमच्यासारखंच की! माझा बाप नारळी पुनवेच्या आधी होडी पाण्यात घालत नसे."

"का नाय घालत?"

"दर्या खवळलेला असतो ना."

"म्हणजे बुडू नये म्हणून."

"हो, म्हणजे, तेही आणि..."

"मग ते भ्याला, मास्तर. काकडीला कोण भितो?"

आणि तू कौल बसवायला लागलास. मी काकडी हातात धरून पावसात उभा. तिथून आपलं भांडण जे सुरू झालं ते तीस वर्षं चाललं.

माझं म्हणणं तुला पाठ होतं. माणूस इथूनतिथून एकच. किनारा असो, डोंगर असो, पलीकडचे गुजराती बोलणारे वाडीवाले असोत, वरची तऱ्हा वेगळी, आतला गर तोच. मी हे मुलांना शिकवायचो आणि मला ते मनापासून पटायचं. तू म्हणायचास, "आत कोण जाऊन आला?" मी चिडायचो. तू विडी पेटवायचास.

मला अहंकार होता की मी तुम्हाला सारखं मानतो. इतर मास्तर पाड्यावर पाणी प्यायचे नाहीत, मी जेवायचो. तुझ्या बायकोच्या, देवलीच्या हातची नाचणीची भाकर आणि सुक्या बोंबलाचं कालवण. बोंबील मीच आणलेले असायचे. तुझ्या ओट्यावर बसून मी तुझी भाषा शिकलो. चुकलो की देवली पदर तोंडाला लावून हसायची. तू हसायचा नाहीस. तू तेच वाक्य पुन्हा म्हणायचास, हळू, मला येईपर्यंत. मला कोणी इतक्या धीराने काही शिकवलेलं नाही, अगदी ट्रेनिंग कॉलेजातही नाही.

भात पिकायच्या दिवसांत शेतं बघायचं काम पाड्याने तुझ्याकडे दिलं होतं. सगळ्यांचं पिकलं की तू भगताला सांगायचास, मग तो देवाला विचारून नवं खायचा दिवस ठरवायचा. एका वर्षी मी तुझ्याबरोबर बांधाबांधाने फिरलो. वरची लवकर येणारी हळवी भातं पिवळी झाली होती. लोकांच्या घरी जुना दाणा संपत आला होता. खाली ओहोळाजवळ एका म्हातारीचं छोटं शेत होतं. तिच्याकडे बैल नव्हते, लावणी उशिरा झालेली. तिचं भात अजून हिरवं. तू लोंबी हातात घेऊन दाणा दातांनी दाबून बघितलास, दूध निघालं. थुंकून टाकलंस.

"अजून आठ दिवस," तू म्हणालास. "भगताला सांगतो, थांब."

"एका म्हातारीसाठी सगळा पाडा थांबणार?"

"म्हातारीसाठी नाय. सगळ्यांचं व्हायला पायजे. ती सगळ्यांत नाय का?"

मी थरारून गेलो. म्हटलं, "जान्या, याला समता म्हणतात! जगभर हेच..."

"तुला नाव द्यायची लय घाई," तू म्हणालास. "अजून खाल्लं नाय, तवर तू ढेकर दिलास."

आता दुसरी बाजू. नारळी पुनवेला मी तुला डहाणूला बोलवायचो. तू यायचास. पहिल्या वर्षी हट्टाने होडीत बसलास, खाडीच्या मुखापर्यंतसुद्धा गेलो नाही तोच ओकायला लागलास. माझे काका हसून लोळले. तू तोंड धुऊन म्हणालास, "तुमचा दर्या बसू देत नाय, उभा राहू देत नाय. जेवता कधी?" पुढे काका गेले तेव्हा तू न बोलावता आलास आणि दोन दिवस राहिलास. आमच्या पडवीत झोपलास.

पडवीत. हा शब्द लिहिताना मी थांबलो.

पुनवेला सागराला नारळ दिला की आमच्याकडे पंगत बसायची. नारळीभात, ताजी मासळी आली असली तर तीही. आणि तुझ्यासाठी डबा भरला जायचा. चार पुडांचा, काठोकाठ. "जान्याभाऊंची बस चुकेल," असं आम्ही म्हणायचो. बस संध्याकाळची असायची. पंगत दुपारी. आई होती तोवर आई होती म्हणून. आई गेल्यावर सवय होती म्हणून. बायको डब्यात जास्तीची वडी घालायची आणि मला वाटायचं, किती करतो आपण याच्यासाठी. तू डबा दोन्ही हातांनी घ्यायचास. पुढच्या आठवड्यात घासून, पुसून परत आणायचास.

मग तो मेळावा. मी निवृत्त झालो होतो. शहरातून एक सर आले. संस्कृतींचा संवाद घडवायचा, त्यातून सगळ्या माणसांची समान मूल्यं शोधायची, पुस्तिका काढायची. मला स्थानिक संयोजक केलं. सर भले माणूस होते, पण तक्ता आधीच तयार होता. डावीकडे मूल्यं, उजवीकडे रकाने. 'थांबणे, संयम' या मूल्यापुढे किनाऱ्याच्या रकान्यात मीच नारळी पौर्णिमा लिहिली होती. डोंगराचा रकाना तुझ्यासाठी मोकळा ठेवला होता.

तू यायला तयार झालास, पण म्हणालास, मराठीत बोलणार नाही.

"अरे, तुला येते की चांगली!"

"मराठीत मी बाजार करतो. कचेरीत अर्ज देतो. हे घरातलं हाय. घरच्यासारखंच बोलणार. तू सांग त्यांना. तुला मी शिकवली कशाला?"

त्या दिवशी डहाणूच्या त्या हॉलात माझ्या ओळखीचे सगळे होते. आमच्या आळीतले, पुढे डहाणूच्या शाळेत मी शिकवलेले विद्यार्थी, माझी बायको तिसऱ्या रांगेत. तू धुतलेला सदरा घालून उभा राहिलास आणि माइक थोडा लांब धरून बोललास. सावकाश, मला समजावं म्हणून मध्ये थांबत. पण मी म्हटलं, पूर्ण होऊ दे, मग एकदम सांगतो. हा शहाणपणा मला पहिल्या चार वाक्यांनंतर सुचला.

तू जे बोललास ते मी आज इथे लिहितो. मला शब्दन् शब्द आठवतो.

तू म्हणालास: "मास्तर माझा दोस्त. तो म्हणतो, तुमचं आमचं एकच. मी त्याला इतकी वर्षं विचारतो, हे कोणी बघितलं? त्याने माझं घर बघितलं, त्याच्या घरासारखं दिसलं तेवढं वहीत लिहिलं. उरलेलं कुठे गेलं?

"आम्ही नवं भात सगळ्यांचं झाल्याशिवाय खात नाही. देवाला विचारतो, भगत दिवस सांगतो. तुम्ही म्हणाल देव बाजूला ठेवा, दिवस बाजूला ठेवा, थांबणं तेवढं घ्या. देव काढला, दिवस काढला, तर थांबणं उरत नाही. नुसती भूक उरते.

"एक नाही असं मी म्हणत नाही. असेलही. पण ते आज ठरवू नका. अजून सगळ्यांचं बोलून झालेलं नाही. इथे आमच्या पाड्यातला मी एकटा आहे. बाई तर एकही आलेली नाही.

"आणि एक सांगतो, मास्तर रागावेल. बारा वर्षं मी पुनवेला त्याच्याकडे जातो. भरलेला डबा मिळतो, चांगला मिळतो. तो माझ्या घरात बसून जेवतो. मी त्याच्या घरात बसून अजून जेवलेलो नाही. माणसं एक आहेत म्हणता, तर ते एक असणं मास्तरच्या पडवीपासून आतपर्यंत पोचलं का, ते आधी बघा. मग आमच्या डोंगरात या."

एवढं बोलून तू माझ्याकडे वळलास. तुझ्या डोळ्यांत राग नव्हता. मी सांगणार याची तुला खात्री होती, एवढंच होतं.

आणि मी माइक घेतला. हसलो. म्हणालो, "जान्याभाऊ म्हणतात, थांबणं हे सगळ्या माणसांचं समान मूल्य आहे. देव वेगळे, दिवस वेगळे, पण ती वरची टरफलं. आतला गर एकच. आणि ते म्हणतात, मास्तरांच्या घरी नारळी पौर्णिमेला त्यांना दर वर्षी प्रेमाचा डबा मिळतो, हीच खरी माणुसकी."

टाळ्या पडल्या. सरांनी उठून तुझा हात हातात घेतला. तुला माझं प्रत्येक वाक्य कळलं होतं. तू माइककडे पुन्हा हात केला नाहीस. त्या सबंध हॉलात दोघांनाच माहीत होतं काय झालं, आणि त्यातल्या एकाने दुसऱ्याची अब्रू राखली. परतताना जीपसाठी उभे होतो तेव्हा तू एवढंच म्हणालास, "थोडक्यात आटपलंस, मास्तर."

"वेळ कमी होता रे."

"हां. टाळ्या बऱ्या पडल्या."

पुढच्या पुनवेला तू आला नाहीस. बायको दुपारपर्यंत वाट बघत होती. "जान्याभाऊंना बरं नाही का?" मी म्हटलं, "कामात असेल."

पुस्तिका निघाली. तुझा फोटो, खाली तुझ्या नावाने ते वाक्य: देव आणि दिवस ही टरफलं. ती तुमच्या पाड्यापर्यंत पोचली. कोणीतरी ओट्यावर वाचून दाखवली. भगत म्हणाला, "ज्याला दिवस टरफल वाटतो, त्याने दिवसासाठी शेतं कशाला बघायची?" काम दुसऱ्याकडे गेलं. हे मला कोणी तिसऱ्याने नाही, तूच सांगितलंस, तलासरीच्या बाजारात, सुकट निवडता निवडता. आधी थट्टेत सांगितलंस, "आता पायांना आराम झाला." मग मान वर न करता विचारलंस, "तू येशील का एकदा? भगताला सांग, मी काय बोललो ते."

तू माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट.

मी म्हणालो, "येतो ना. दिवाळी होऊ दे."

दिवाळी झाली. मला भगताचं भय नव्हतं. पण तिथे खरं सांगितलं तर ते डहाणूला येणार होतं. आणि मग बायको, आळी, विद्यार्थी, सगळ्यांना कळणार होतं की तू डब्याबद्दल खरं काय म्हणालास. एकच गोष्ट लपवायला मी तुझं सगळं बोलणं बदललं होतं. ती लपवत ठेवायला तुला सात वर्षं तसाच सोडला. तू पुन्हा विचारलं नाहीस. भेटलो की आपण पावसाबद्दल बोलायचो. भांडण बंद झालं होतं, जान्या. मला कळत होतं की हे मैत्रीपेक्षा कमी काहीतरी आहे. तू एकदाही 'नाय' म्हणेनासा झालास.

परवा पाड्यावर गेलो ते हे सगळं सांगायलाच. देवली ओट्यावर होती. तिने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी सांगायला लागलो, तर म्हणाली, "मना माहीत हाय. त्याच दिवशी घरी येऊन सांगितलान त्याने."

"मग तो भगताला का नाही बोलला? स्वतः सांगायचं ना!"

"मी म्हटलं त्याला. दहादा म्हटलं. तो बोलला, मी सांगितलं तर मास्तर खोटा ठरंल. मास्तरने येऊन सांगितलं तर मास्तर खरा ठरंल. येईल तो."

मग ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "तू लवकर नाय आलास."

भगत आता फार थकला आहे. मी त्याच्यापुढे बसून तुझं सगळं बोलणं सांगितलं, तुमच्या भाषेत, डब्यासकट. माझी भाषा गंजली होती, अडखळत होतो. चार-पाच माणसं जमली. भगताने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नुसती भूक उरते, असं बोलला?"

"हो."

"बराबर बोलला." त्याने जमिनीवर हात ठेवला. "मी त्याला सात पिकं शेतात जाऊ नाय दिलं. आता कोणाला जा म्हणू?"

मला वाटलं होतं तो माझ्यावर ओरडेल. पण सगळा दोष त्याने स्वतःकडे घेतला आणि मी तोही त्याच्याकडे राहू दिला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला त्यांनी विचारलं असतं तर मी आत पाट मांडला नसता का?" मग तिचं तिलाच कळलं की विचारणं तुझ्याकडे नव्हतंच, आमच्याकडे होतं. ती उठून आत गेली. अजून माझ्याशी नीट बोललेली नाही.

जान्या, मला आता एक कळतं. तुझ्या 'नाय'चा अर्थ मी तीस वर्षं चुकीचा लावला. मला वाटायचं, मी माणसं जोडतो आणि तू वेगळी काढतोस. पण तू 'एक नाही' असं कधी म्हणालाच नाहीस. तू म्हणत होतास, अजून होऊ दे. शेवटच्या माणसाचं बोलून होऊ दे, मग बघू काय एक निघतं ते. मी मात्र माझं पिकलं की सगळ्यांचं पिकलं असं धरून चाललो. ज्या गोष्टीला मी सगळ्या जगाची म्हणत होतो ती माझ्या एका खोलीच्या मापाची होती. तिथेही तुला बसायला जागा नव्हती.

हे सगळं तुला सांगायला मी गेलो होतो. कासाच्या दवाखान्यात, तू जायच्या नऊ दिवस आधी. डहाणूहून निघताना वाक्यं ठरवली होती, तुझ्या भाषेत. चारोटीला उतरून जीपमध्ये बसलो तेव्हाही ओठांत म्हणत होतो. तू खाटेवर उशाला टेकून बसला होतास. हात बारीक झाले होते. मला बघून म्हणालास, "मास्तर, म्हातारा झालास."

"तू कोणता कोवळा राहिलास?"

तू हसलास. खोकला आला. मी पाणी दिलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तू मराठीत सांगितलंस, "हा माझा मास्तर. आमची भाषा बोलतो." त्या माणसाने विचारलं, "खरंच येते का तुम्हाला?" आणि तू माझ्याकडे बघत राहिलास. मी काहीतरी बोलावं म्हणून. तुझ्या भाषेत, काहीही.

मी विचारलं, "जेवलास का?"

एवढंच विचारलं. तू हो म्हणालास. मग मी औषधांचं विचारलं, डॉक्टर कधी येतात ते विचारलं, देवली कुठे गेली ते विचारलं. जीप सुटेल म्हणून उठलो. तू माझा हात धरलास, थोडा वेळ धरून ठेवलास, मग सोडलास. मी दारापर्यंत गेलो, वळलो, तू अजून बघत होतास. तेव्हाही परत येता आलं असतं. दहा पावलं होती.

जान्या, त्या दिवशी हॉलात तू जे बोललास ते मला नीट समजलं होतं. समजलं नाही म्हणून चुकलो, असं नाही. सगळं समजलं, म्हणूनच बदललं. तुझ्या तोंडी मी खोटं घातलं आणि ते तू सात वर्षं सोसलंस. माझं चुकलं. मला माफ कर.